पायावरची नाडी

डॉक्टर शांग पेइलान आधी मनगट धरत नाहीत.
खुर्चीवरून उतरून फरशीवर बसतात,
मोजा स्वतः काढतात,
पावलाच्या पाठीवर दोन बोटं टेकवून
ऐकत राहतात,
बंद घराच्या दाराला कान लावावा तसं.

लुआन दत्साय, वय एकेचाळीस.
यीछुनच्या जंगलात बर्फावरून ओंडके ओढायचा.
अंगठ्याशेजारचं बोट काळं,
सुकल्या बोरासारखं.
रात्रभर पाय खाटेखाली लोंबता सोडून
गुडघा कवटाळून बसायचा.
मोठ्या इस्पितळानं सांगितलं होतं: गुडघ्याखालून.
तो म्हणाला, आईनं दोन दिले,
दोन घेऊनच जाईन तिच्याकडे.

मी काढा उकळणारा. माझी हद्द मातीच्या भांड्यापर्यंत.
ओंजळी-ओंजळीनं फुलं, अर्धी सोनेरी अर्धी रुपेरी,
श्वेनशनचं काळं चिकट मूळ,
ज्येष्ठमध,
आणि तांगक्वे. तिच्या नावातच आहे
'परत यायला हवं'.
काय, कुठे,
हे नावात नाही.

डॉक्टरांनी त्याची तंबाखूची पिशवी
चुलीत टाकली माझ्यादेखत.
"हे पिणार की ते?" एवढंच विचारलं.
तो काढा प्यायला, तोंड वाकडं करून, तळाच्या गाळासकट.

आता सांगूनच टाकतो.
सोळाव्या रात्री तो रडत होता.
मी त्याला एक विडी दिली.
काडीही मीच ओढली.
दुसऱ्या दिवशी पाऊल पुन्हा गार,
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं
आणि फुलं वाढवून लिहिली.

बोट पट्टी बदलताना आपसूक गळालं,
वाळल्या शेंगेचं टरफल सुटावं तसं.
जखमेखाली लाल दिसलं.
लाल बघून कोणी इतकं हसलेलं
मी पाहिलं नव्हतं.
त्यानं माझ्याकडे काडेपेटी मागितली, रिकामी.
बोट कापसात गुंडाळून आत ठेवलं.
"हिशेब पुरा द्यावा लागतो," म्हणाला.

निघायच्या सकाळी डॉक्टरांनी माझा हात ओढून
त्याच्या पावलावर ठेवला.
लागली, अगदी बारीक,
की माझ्याच बोटांत धडधडत होतं काही?
विचारलं.
"मलाही दर वेळी कळत नाही," त्या म्हणाल्या,
"थांब अजून थोडा."

बाहेर बसचा भोंगा वाजत होता.
काडेपेटी त्याच्या खिशात खुळखुळली.
मी हात काढला नाही.