खटका

मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणायचे नाना,
आणि त्यांच्याच कमरेला जे असायचं
ते वाकवल्याशिवाय भरता यायचं नाही.

अंगठ्यानं खटका दाबायचा.
नळी बिजागरीतून खाली झुकते,
ठेंगण्या दारातून जाताना मान झुकावी तशी,
आणि मागून एक चांदणी वर येते
सहा घरांतलं सगळं एकदम बाहेर ढकलत.
सहाही घरं रिकामीच असतात.
या मापाची गोळी लष्करात कुठल्याच दुकानात मिळत नाही.
नाना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

लायसन माझ्या नावावर आहे.
आचारसंहिता लागली की मी ते
भाजीच्या पिशवीतून कोतवालीत जमा करते.
मुन्शी पावतीवर ढमढेरे लिहिताना हसतो,
“मॅडम, नाम में ही फायर है. चलती है?”
“गोली लाके दो, बताती हूँ.”

मालखान्यातून दोन महिन्यांनी परत येतं
तेव्हा त्याला परक्या ट्रंकेचा वास असतो.
मग खाली वर्तमानपत्र, जुन्या धोतराची चिंधी,
पितळी ब्रश, शिवणयंत्राचं तेल. थेंबभरच.
जास्त झालं की अक्रोडाच्या मुठीत मुरतं
आणि लाकूड आतून मऊ पडतं,
हे बुंदू मिस्त्रीनं शिकवलं. नाना शिकवत नसत.
घरातल्या बायकांनी हात लावायचा नाही.
खंडेनवमी सोडून.

खंडेनवमीला आई ते पाटावर मांडायची,
झेंडूची फुलं, हळद,
आणि नळीवर ओलं कुंकू, अंगठ्यानं.
फुलं रात्रभर तिथंच.
सकाळी नाना पुसायचे, पण घाईत.
खटक्याखाली एक डाग उरलाय,
तांबूस, खरबरीत, अंगठ्याएवढा.
बुंदू म्हणाला, “बहनजी, बफ मार दूँ? नई दुल्हन हो जाएगी.”
मी नको म्हटलं.
“जंग है. खाती रहती है.”
खाऊ दे म्हटलं. तेल लावीन.

धाकट्या काकांशी नाना सत्तावीस वर्षं बोलले नाहीत,
दाल बाजारातल्या एका गाळ्यावरून.
काका गेल्याचा निरोप आला त्या दुपारी
ते या खुर्चीत बसून हे उघडत होते,
मिटत होते, पुन्हा उघडत होते.
खट्.
आत आईचं लाटणं दर वेळी थांबायचं.
खट्.
मग पुन्हा पोळी फिरायची.
खांदा द्यायला ते गेले नाहीत.

बिजागरी त्या दुपारी सैल झाली असं मला वाटतं.
बुंदू म्हणतो, उमर है.

आता मिटल्यावरही नळी जराशी हलते,
मधे पोस्टकार्ड सरकेल एवढी फट.
उजेडाकडे धरलं की फटीतून
समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसतात.

नाना एका हाताच्या झटक्यानं मिटायचे,
सगळ्या घराला ऐकू जाईल असं.
मी दोन्ही हातांनी मिटते, हळू.
झटका आता सोसायचा नाही त्याला.