तीन नंबरची खोबण

कुटबणच्या जेटीला ट्रॉलर बांधून पडले
की आमच्या बर्फाच्या कारखान्याची मोटर थांबते
आणि दोन महिने कानांना काय करावं कळत नाही.
त्या शांततेत मी कॉम्प्रेसरची जाळी उतरवते.

पाच पट्टे. चार जुने, एक नवा.
नवा मार्चमध्ये शेटनी स्वतः मडगावहून आणलेला :
"एकच तुटलाय ना, मग एकच घाल."
घातला.
जुने चौघे ताणून लांबलेले,
वरच्या वर फिरून हजेरी लावणारे.
सगळा भार त्या एकट्यावर.
मे संपायच्या आत त्याच्या कडांचे दोरे सुटले,
पोटाला भेगा.

इनासियो असता तर ओरडला असता.
तो आधी पट्टा बघायचाच नाही.
पुलीच्या खोबणीत बोट घालायचा,
बांगड्याचा कल्ला उघडून बघावा तसा.
"तळ चकाकता काय पळय, सुलक्षा.
तळ काळोच आसूंक जाय.
पट्टो कुशींनी धरता, पोटान न्हय."

तळ चकाकतोय.
तीन नंबरच्या खोबणीत तर बॅटरी मारली
की उजेड उलटा डोळ्यांत येतो.
म्हणजे पट्टा झिजला, खाली बसला,
तळाला टेकला, घसरला, तापला.
किंचाळलाही होता.
आम्ही त्याला साबणाची वडी लावली
आणि गप्प झाला म्हणून चहा मागवला.
त्याच्या रबरात तोवर रुतलं होतं
जेटीचं मीठ, वाळू, गंजाची पूड.
दिवसाचे अठरा तास
त्या मऊ अंगानं बीड घासलं.
सरळ भिंतींची खोबण
आतून वाटीसारखी झाली.

लोखंड रबराला खातं, हे आमच्या नोंदवहीत पानोपानी आहे.
उलटं एकदाही नाही.

इनासियो आता मुलीकडे, स्विंडनला.
जाताना हातोडा ठेवून गेला.
दांड्यावर त्याच्या अंगठ्याचा खळगा.
माझा हात लहान,
पण अंगठा तिथेच जाऊन बसतो
आणि घाव थोडा डावीकडे पडतो.
तीन वर्षं.
दांडा बदलायचं मनात येतं, मग राहून जातं.

मागणीपत्रात लिहिलं :
पट्टे, एकाच लॉटचे, पाच.
पुली, बिडाची, पाच खोबणींची, एक नग.
शेट लोटलीकर चष्मा वर करून म्हणाले,
"पुली कशाला? ती तर फिरतेय."

मी काही बोलले नाही.
त्यांना मशीनपाशी नेलं,
अंगठी काढायला सांगितली,
त्यांचं बोट धरून पहिल्या खोबणीत घातलं,
मग तिसऱ्या.

सही लगेच केली नाही त्यांनी.
रुमालाला बोट पुसलं,
दारापर्यंत गेले,
परत आले,
आणि कोणी न सांगता
पुन्हा तिसऱ्या खोबणीत घातलं.