सेकंडचा माल

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात माझं काम भोकं शोधण्याचं.
टॉवेल ट्यूबलाइटसमोर धरायचा, ताणायचा,
निसटलेला धागा दिसला की खडूने फुली.
फुलीवाला माल सेकंडमध्ये जातो, किलोवर विकतात.
रफू कोण करत बसणार?

अकरा वर्षं हेच करते मी.
आणि माझ्याच पोरीचं भोक मला दिसलं नाही.
अंगणवाडीच्या तपासणीत एका पोरसवदा डॉक्टरणीला
ते ऐकू आलं.

दानम्मा तेव्हा पाच वर्षांची, वजन अकरा किलो.
जिन्यात मध्येच बसायची, घामाघूम.
मी म्हणायचे, नाटकं करू नको.

मोठ्या डॉक्टरांनी पाकिटामागे चित्र काढलं:
दोन खोल्या, मधली भिंत,
भिंतीत सदऱ्याच्या बटणाएवढं भोक.
"ठिगळ लावू," म्हणाले.
"कशाचं?" मी विचारलं, कापडातलं मला कळतं म्हणून.
ते जरा थांबले, राचप्पाच्या गळ्यातल्या लिंगाकडे बघून.
"बैलाच्या हृदयावर एक पातळ चादर असते.
ती धुऊन, औषधात मुरवून, बाटलीतून येते."

राचप्पा अंड्याचा केकसुद्धा खात नाही.
सहीचा कागद त्याने घडी केला, उलगडला,
परत घडी केला.
"कुणाचा बैल?"
"बाटलीवर नंबर असतो," डॉक्टर म्हणाले. "नाव नसतं."
"आमच्या बापाच्या बैलांना नावं होती," तो म्हणाला,
"कर्या, मल्ल्या..." आणि गप्प झाला.

रात्री तो तळ्यातल्या देवळात जाऊन आला.
नंदीच्या कानात काय बोलला, मी विचारलं नाही.
सकाळी सही केली, कन्नडमध्ये,
कागद फाटेल इतकी दाबून.

साडेचार तास.
बाकड्यावर बसून मी न दिसणारे टाके मोजत होते.
इंचाला किती येत असतील?
गाठ कुठे लपवत असतील?
ठिगळ वाढत नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं,
पोर वाढेल, तिचंच मांस त्यावर पसरेल,
मग तिचं कुठलं नि बैलाचं कुठलं
त्यांनाही सांगता येणार नाही.

राचप्पाने हे भावकीत कुणाला कळू दिलं नाही.
मी दानम्माला सांगितलं.
छातीवरची शिवण तिची आहे.
कडक भाकरी मोडता मोडता तिने ऐकलं.
"मग त्याच्या हृदयाला थंडी नाही वाजली?"

बैल तेव्हा जिवंत नव्हता, हे सांगायला हवं होतं.
मी शेंगाची चटणी पुढे सरकवली.

कारहुणवीला कुंभारीत बहिणीकडे गेलो.
शिंगं रंगवून झाली होती, एक निळं, एक लाल,
रंग कमी पडला म्हणून.
दानम्माने पिशवीतून टॉवेल काढला,
सेकंडचा, माझी फुली अजून त्यावर.
टाचा उंचावून बैलाच्या पाठीवर टाकला.
बैलाने कातडी थरथरवली. टॉवेल शेणात.
तिने उचलला, परत टाकला. परत पडला.

मग हसत सुटली, गोठ्याभोवती पळाली,
एक फेरी, दोन,
तिसरीला चप्पल निसटली तरी थांबली नाही.
राचप्पा वेसण धरून उभा, तोंड दुसरीकडे करून,
आणि मी सवयीने तिचे श्वास मोजत,
कितीवर होते, ते विसरत,
परत पहिल्यापासून.