हात खिशात

चाळीस वर्षं मी होड्या बांधल्या.
आता उन्हाळ्यात नगरपालिका मला पगार देते
तो हात खिशात ठेवण्याचा.

फियोर्डच्या काठाला, मासळीच्या जुन्या गोदामामागे
कुंपण घातलेला जमिनीचा एक तुकडा.
फळ्या, तुटके पॅलेट, कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं दार,
खिळ्यांचे दोन डबे, एक सरळ्यांचा, एक वाकड्यांचा,
आणि सकाळी नऊला फाटक उघडलं की
एकोणीस मुलं, एकोणीस हातोड्या.
पहिल्या आठवड्यात नुसता आवाज.
दुसऱ्या आठवड्यात त्या आवाजाला भिंती येतात.

नऊ वर्षांची एयडिस परवा
तिसऱ्या मजल्यावर छप्पर ठोकत होती.
मजला तिच्या छातीएवढा, तरी तीन म्हणजे तीन.
फळी कुरकुरली. वारा समुद्राकडचा.
"ओरमुर," तिनं वरून विचारलं, "पडले तर?"
पडणार नाहीस, म्हणून
उचललेली जीभ टाळ्याला लावणारच होतो.
पण पाण्याला असली वचनं ऐकू येत नाहीत,
एवढं होड्यांनी शिकवलंय.
म्हटलं, "कुठे पडशील ते आधी बघून ठेव."
तिनं बघितलं. खाली पॅलेट, खिळे वर तोंड करून.
उतरली. पॅलेट फरफटत कुंपणाला नेऊन टेकवलं,
ओल्या गवतावर टाच आपटून पाहिली दोनदा,
आणि पुन्हा वर.
माझा जीव मुठीत होता
आणि मूठ खिशात.

त्योर्वी नवा. रेक्याविकहून आलेला,
बुटांना अजून दुकानाचा वास.
त्याची आई कुंपणापलीकडे उभी असायची
आणि दर पाच मिनिटांनी त्याचं नाव घ्यायची.
नुसतं नाव, पण त्यात सगळं:
सांभाळून, नको, मागे हो, हळू.
हाक आली की पोरगं हातोडी खालीच ठेवायचं.
"जबाबदारी कोणाची?" तिनं मला विचारलं.
प्रश्न खोटा नव्हता.
मी खिशातली चिकटपट्टी चाचपली, जखमेवरची.
तेवढंच उत्तर होतं माझ्याकडे.

मंगळवारी बसला घाव अंगठ्यावर.
सगळ्या हातोड्या थांबल्या.
रडायचं की नाही, हे त्याचा चेहरा
आमच्या चेहऱ्यांना विचारत फिरला.
आई फाटकाच्या आत आली आणि तिथेच थबकली,
का, ते तिलाच ठाऊक.
एयडिसनं त्याला ओढ्यापाशी नेलं,
डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यात अंगठा बुडवला
आणि म्हणाली, "खिळा असा नाही धरायचा. असा, चिमटीत.
मला हे कळायला दोन नखं लागली."

बुधवारी नख काळंनिळं.
सगळ्यांना दाखवून झाल्यावर माझ्यापाशी आला,
माझ्या उजव्या हाताचं अर्धं बोट बघून
आदरानं विचारलं, "हे पण इथेच?"
"नाही रे. मोठेपणी. यंत्रावर, घाईत."
जरा हिरमुसला.

ऑगस्ट संपताना सगळं उतरवतो आम्ही.
घरं, मनोरा, कुणी बांधलेलं तुरुंगासारखं दुकान.
फळीतून निघताना खिळा किंचाळतो,
मुलांना तो आवाज बांधण्याहून जास्त आवडतो.
खोटं कशाला सांगू, एखाद्या वर्षी हात मोडतो कुणाचा.
यंदा नाही मोडला. पुढल्या वर्षीचं मला माहीत नाही.
जूनमध्ये पडदे ओढूनही रात्री उजेड आत येतो
आणि मी पडल्या पडल्या त्यांच्या छपरांच्या फळ्या मोजतो,
कुठली सैल, कुठली नाही.

शेवटच्या दिवशी त्योर्वी छपरावर,
हातात कटावणी, त्याच्या हाताहून लांब.
आई माझ्या शेजारी. नाव घेतलं नाही तिनं.
दोन्ही हात कोटाच्या खिशात,
कापडावरून मुठी दिसत होत्या.
मी काही बोललो नाही.
वाकड्या खिळ्यांचा डबा पुढे सरकवला,
ठोकायला एक सपाट दगड,
आणि एक हातोडी,
विसावी.