मागचं पांढरं

शहाद्याहून पहाटेची जीप, धडगावच्या घाटात
टपावरच्या माणसांचे पाय खिडकीत लोंबतायत.
माझ्या मांडीवर कॅमेरा
आणि काखेत बायकोच्या रुखवतातली पांढरी चादर.
कोपऱ्यात तिनं भरलेला मोर आहे,
तो मी आत दुमडून ठेवतो.

सरकारला माणसाच्या मागं काही चालत नाही.
दोन्ही कान दिसले पाहिजेत. दात नकोत. सावली नको.
रेशनला, मतदानाला, वनहक्काच्या दाव्याला
माणूस हवा, नुसता,
घाट्यातून सोलून काढलेल्या हरभऱ्यासारखा.

म्हणून दोन सागांच्या मधे चादर ताणायची
आणि एकेकाला स्टुलावर बसवून
त्याच्या पाठीवरून डोंगर उतरवून ठेवायचा.
बोंदरीबाई म्हणाली, हे फडकं कशाला?
मागं माझं शेत आहे ना.
मी म्हटलं, नियम आहे, मान सरळ ठेव.
तिनं मान वळवून शेत बघितलं.
तो फोटो बाद.

मी शिकलो हिलालआप्पांच्या स्टुडिओत.
पडद्यावर रंगवलेलं तळं, दोन हंस, एक जिना
कुठेच न जाणारा.
नवी जोडपी त्या तळ्याकाठी घाम पुसत उभी राहायची,
बाहेर पंचेचाळीस डिग्री.
प्रिंट धुताना आप्पा पुटपुटायचे,
"मानूस तं उना भो, पन गाव कथा शे?"
मला वाटायचं, म्हातारा केमिकलनं भ्रमलाय.
ते केमिकल मीच रोज रात्री मोरीत ओतायचो.
मोरी गटारात, गटार गोमाईत.
हेही इथं लिहून ठेवतो.

तेव्हा रोल होता. छत्तीस फोटो, एकही वाया घालवायचा नाही.
जात्र्या पावरा स्टुलावर, बोट बटणावर,
आणि वावटळीनं चादर उपटली.
मी शिवी हासडली. निगेटिव्ह खोक्यात टाकलं.

नऊ वर्षांनी जात्र्या दुकानात आला.
दावा फेटाळलेला. कारण : कसत असल्याचा पुरावा नाही.
खोकं उलथंपालथं केलं तेव्हा सापडला तो फोटो :
चादर वर, उडालेल्या बगळ्यासारखी,
खाली डोळे मिटलेला जात्र्या
आणि त्याच्यामागं उतारावरची ताजी नांगरट,
हातानं रचलेला दगडी बांध, मोहाचं झाड,
झाडाखाली वाकलेली कुणीतरी.
"आई," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही.
मोह आता नाही. तीही.

प्रिंट मोठी केली, त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.
साहेबांनी भिंग लावून पाहिलं
आणि म्हणाले,
यात माणूस नीट दिसत नाही.

तेव्हापासून दोन काढतो.
एक चादरीचा, त्यांच्यासाठी.
मग चादर सोडायची, स्टूल हलवायचं नाही,
आणि दुसरा.
दरवर्षी होळीनंतर, तीच जागा, तीच वेळ.
रात्री एकावर एक ठेवून बघतो.
माणसं पुढं पुढं म्हातारी होत येतात,
डोंगर मागं मागं सरकतो.
एका वर्षी नाल्याची रेघ पुसली जाते.
एका वर्षी टॉवर उगवतो, मग त्याच्या खाली दुसरा.
सगळंच गेलं म्हणावं तर डावीकडची टेकडी आडवी येते :
पाड्यानं पाळी लावून राखली, सहा वर्षं कुऱ्हाड नाही,
बांबू स्टुलाएवढा, मग बोंदरीबाईच्या खांद्याएवढा,
यंदा तिच्या डोक्यावरून फ्रेमच्या बाहेर.
ती म्हणाली, थोडा मागं हो ना.
मी मागं झालो. अजून, म्हणाली.

परवा एकाचा अर्ज परत आला.
शेरा : मागचं पांढरं नाही.
चादर उन्हात धरली तर खरंच,
वर्षांवर्षांची माती बसून
मधोमध तांबूस उतार उमटलाय.
बायकोनं सोडा घालून तीनदा उकळली.
मोर फिका झाला.
डाग निघत नाही.