वैशिष्ट्य असे की

दाव्याचं वाक्य एकच असतं.
कितीही लांबो, पूर्णविराम शेवटी एकदाच.
मधे एक बिजागरी: "वैशिष्ट्य असे की".
तिच्या अलीकडे जगाला आधीच ठाऊक असलेलं सगळं,
पलीकडे तुमचं. बहुधा चमचाभर.

हे मला ऑर्ट्रून फाइलहाउअर बाईंनी शिकवलं.
मी दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत नवी होते,
बिजागरी यायच्या आतच वाक्य जुळवून मोकळी व्हायचे.
"थांबायला शिका," त्या जिन्यात म्हणाल्या,
"नवं असतं ते उशिरा येतं,"
आणि खिशातल्या चाकूने सफरचंद कापून
निम्मं मला दिलं.

सत्त्याऐंशी साली त्या रायस्वाइकला लागल्या.
तेव्हा शोधायचं म्हणजे खण उपसायचे,
खणांत कागद, कागदांना दमट पुठ्ठ्याचा वास.
त्यांच्याकडे झडपा. चार वर्षं नुसत्या झडपा:
उघडणाऱ्या, न उघडणाऱ्या,
उघडल्यासारखं दाखवणाऱ्या.
मग म्युनिक. मग अपील मंडळ.
मग मंडळच शहराबाहेर हारला हललं
आणि बाईंची सायकल रोज अकरा किलोमीटर.
लग्न एकदा ठरलं होतं म्हणतात.
मी विचारलं नाही.

कामावर मात्र एक पुरुष कायम सोबत,
कायद्यानेच नेमून दिलेला: "त्या विषयातला जाणकार".
त्याने सगळं वाचलेलं असतं, सगळ्या भाषांतलं,
जपानी गोदामात पडलेलं माहितीपत्रकसुद्धा.
सुचत मात्र काही नाही. कधीच.
त्याच्या हाताला जे सहज लागेल
त्याला पेटंट नाही.
चौतीस वर्षं बाई त्यालाच विचारत आल्या,
बाबा रे, तुला जमलं असतं का हे?
"भांडण नाही आमचं," म्हणायच्या,
"पण जेवायला मी त्याला बोलावणार नाही."

शेवटून तिसरी सुनावणी फालेंतिन ओग्रिसची.
केर्न्टनच्या डोंगरातला मधपाळ,
अंगात भाच्याचा कोट, बाह्या आखूड.
मधपेटीच्या झाकणाला त्याने एक जीभ बसवली होती,
आत मेणाची कांडी: ऊन चढलं की फुगते, जीभ उघडते,
गारठा पडला की मिटते.
म्हणजे झडपच. बाई पुढे सरकून बसल्या.

समोर कंपनी, चार वकील,
आणि गावच्या बंबवाल्यांच्या जत्रेतली एक साक्षीदार.
अर्ज करायच्या नऊ दिवस आधी
ओग्रिसने तिथे बाकावर चढून
ती जीभ दाखवली होती.
"कोणाला?"
"सगळ्यांना," तो म्हणाला. "खूश होतो मी."
कंपनीच्या कानांत मी ते इंग्रजीत सोडलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
इथे त्याचं कलम आहे, चोपन्नावं.
गप्प राहायला बांधील नसलेल्या
एकाने जरी पाहिलं
तरी ते जगाचं झालं.

अर्ध्या तासाने मंडळ परत आलं.
पेटंट रद्द. बाईंचा आवाज नेहमीचाच,
दूधवाल्याला उद्या नको सांगावं तसा.
ओग्रिस उभा राहिला. "म्हणजे मी लावला नाही शोध?"

निकालानंतर बोलायचं नसतं.
बाईंनी चष्मा काढला.
"लावलात तुम्हीच.
फक्त देऊन टाकलात."

माझं तोंड उघडं, शब्द नाही.
दोनतीन सेकंद कंपनीला नुसती खरखर ऐकू गेली असेल.
कार्यवृत्तात ते वाक्य नाही.

एप्रिलमध्ये मी त्यांच्या बागेवर गेले.
नाशपातीखाली एक मधपेटी,
झाकणाला जीभ.
रद्द झालेलं कोणीही बनवू शकतं, त्या म्हणाल्या.
रेखाटन तीनवरून त्यांनी स्वतः कापलं, घासलं,
अंगठ्याला अजून पट्टी.
"रेखाटनात स्प्रिंग उलटी काढलीय त्याने.
मी पत्र टाकलं.
उत्तर आलं, हो, माहीत आहे,
मुद्दाम."
आणि त्या इतक्या हसल्या की खोकला लागला.

साडेसात वाजले होते. मेण अजून गार.
मिटलेल्या जिभेवर एक माशी
इकडून तिकडे चालत होती.