खरवड

रुवीतल्या त्या खोलीत मी आले तेव्हा
एकच पातेलं होतं. जर्मनचं.
पाच पुरुषांनी मागे ठेवलेलं,
काठाला पोचे, आणि बुडाशी
कुणाकुणाच्या चहाची वर्षं.
त्यातच सकाळी दूध, दुपारी डाळ,
थंडीत अंघोळीचं पाणीसुद्धा.
हे श्रीरंगनं लग्नाआधी सांगितलं नव्हतं.

मी बॅगेत बिडाचा तवा आणला होता.
खोलगट, सपाट बुडाचा, मिरजेच्या बाजारातला.
वीस किलोंतले चार त्याचे,
म्हणून पुरणयंत्र परत गेलं मामाबरोबर.
विमानतळावर कस्टमवाल्यानं
बोटाच्या पेरानं तो वाजवून पाहिला,
कान लावला,
आणि हसून हातानंच म्हणाला, जा.

त्यात पिठलं केलं की तळाला खरवड धरायची,
तांबूस, कडेनं सुटत आलेली.
ती उलथन्यानं काढायचा आवाज
शेजारच्या माहगंजला भिंतीतून कळायचा.
बलुची बाई, हिंदी माझ्यापेक्षा बरी.
वाटी घेऊन यायची. पिठलं नको, म्हणायची,
ते खालचं दे.

कुकर आला, त्याची रिंग इथे मिळेना.
मग गावाहून येईल तो रिंग आणायचा;
चुलतदिरानं तर एकदा
मुंजीच्या पत्रिकेच्या पाकिटातून पाठवली.
संध्याकाळी जिन्यात उभं राहिलं की
शिट्टीवरून घर ओळखू यायचं:
दुसऱ्या मजल्यावरच्या अम्मिणीची लांब,
आमची तुटक, भांडल्यासारखी.

मग नॉनस्टिक.
मत्राच्या बाजारात एकावर एक रचलेलं,
काळं, गुळगुळीत, सात रियालला तीन.
सगळ्या बायकांनी घेतलं. मीही.
धिरडं असं घसरायचं की वाटावं
त्याचा भांड्याशी काही संबंधच नव्हता.
धुवायला अर्धं मिनिट.
पिठलंही जसं टाकलं तसं निघालं.
माहगंज वाटी घेऊन आली, तशीच गेली.
मी यातून काही अर्थ काढत नाही.
दर दोन वर्षांनी व्हिसा नव्यानं लागायचा,
एवढंच सांगते.
तिसऱ्या वर्षी त्याचे पापुद्रे भाजीत दिसू लागले.

पुढे तांब्याच्या बुडाचं स्टील. मग
संगमरवरी ठिपक्यांचं, जे संगमरवर नव्हतं.
मग चिनी मातीचा लेप दिलेलं, पांढरंशुभ्र,
हळदीनं महिन्याभरात कावीळ झालेलं.
प्रत्येक वेळी मी म्हटलं, हे शेवटचं.
तवा ओट्याखाली, वर्तमानपत्रात, गंजत.

यंदा अल ख्वैरच्या नव्या इमारतीत आलो.
इथे गॅसला मनाई. नुसती काळी काच,
तिच्यावर बोट टेकवायचं.
दुकानदार म्हणाला, चुंबक चिकटेल तेच भांडं चालेल.
मी फ्रिजवरचा उंट काढला, मस्कत लिहिलेला,
आणि सगळ्या संसारावरून फिरवला.
कुकरवरून पडला. नॉनस्टिकवरून पडला.
लेपवाल्यावर टिकला नाही.
आईच्या पितळी पातेलीनं तर
ओळखच दाखवली नाही.
तव्याजवळ नेला तेव्हा
हातातून सुटून खट्कन बसला,
गंजावर, उभाच्या उभा.

दोन दिवस घासला. मीठ, कांद्याची फोड,
तेल, पुन्हा तेल.
मग पिठलं टाकलं.
श्रीरंग आता खरवड खात नाही, दातांमुळे.
माहगंज केव्हाच बरकाला गेली, मुलाकडे.
नंबर आहे, पण हे फोनवर काय सांगायचं.
तरी लावला.
ती म्हणाली, नीट ऐकू येत नाही, कोण?
मी फोन तव्याशी धरला
आणि उलथनं चालवलं.